तड्याचा फोटो

महाळुंग्याच्या एका कारखान्यात नवनाथ गपाट एकोणीस वर्षं तपासणीच्या टेबलावर बसत आले होते. गाडीच्या सीटखाली जो लोखंडी ब्रॅकेट असतो, तो तिथे बनायचा. माल प्लेटिंग होऊन, म्हणजे वर पिवळसर मुलामा चढून आला की नवनाथभाऊ एकेक नग उजेडाकडे तिरपा धरायचे, भिंगातून बघायचे, आणि खोकं भरलं की त्याच्या चिठ्ठीवर आपला गोल शिक्का उमटवायचे. शिक्क्यावर चौदा आकडा होता. "चौदाचा माल आहे," असं कळलं की डिस्पॅचवाले ते खोकं परत उघडून बघत नसत.

माणूस मुळातला भिडस्त. भूम तालुक्यातल्या गावाहून आयटीआय करून ते पिंपरीला आले, भोसरीत दोन-तीन ठिकाणी राबले, पिंपळे गुरवला खोली घेतली, पुढे त्याच खोलीच्या जागी दोन खोल्यांचा फ्लॅट झाला. सुरुवातीच्या त्या दिवसांत पहिली पाळी सुटली की ते पिंपळे गुरवच्याच एका स्टुडिओत जायचे. आधी लग्नात नुसता दिवा धरायचं काम होतं, मग मालकाने हळूहळू कॅमेरा हातात दिला. रोलचे दिवस होते. एक फोटो वाया गेला तर मालक चार माणसांत बोलायचा. त्यामुळे भिंगाचं भोक किती उघडायचं, झडप किती वेळ उघडी ठेवायची, हे नवनाथभाऊंच्या बोटांत बसलं होतं. पुढे रोल गेले, स्टुडिओही गेला, आणि त्यांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही. मात्र ही गोष्ट कंपनीत सगळ्यांना माहीत होती. पंधरा ऑगस्टला झेंड्याचे फोटो काढायला ऑफिसातला कॅमेरा कपाटातून निघाला की तो त्यांच्याच गळ्यात पडायचा.

यंदा मार्चमध्ये, एका सोमवारी, क्वालिटीचे साहेब दिग्विजय हातात एक पाकीट घेऊन टेबलाशी आले. पस्तिशीचा मुलगा, डोकं शांत, आवाज कधी चढत नसे. त्यांनी पाकिटातून चार ब्रॅकेट टेबलावर काढून ठेवले.

"भाऊ, कस्टमरकडून परत आलेत. तडे गेलेत. लॉट तुमचा आहे."

शेजारच्या खुर्चीवर बसणारी दिव्या हातातलं काम थांबवून बघायला लागली. ती तीन वर्षांपूर्वी कंपनीत आली तेव्हा नग तिरपा कसा धरायचा इथपासून नवनाथभाऊंनीच तिला शिकवलं होतं.

त्यांनी एक नग उचलला. बोल्टच्या भोकापाशी केसाएवढा तडा होता. भिंगातून बराच वेळ बघितल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

"साहेब, हा तडा आपला न्हाई. तडा आधीचा असता तर प्लेटिंगचा पिवळेपणा आत उतरला असता. आतलं लोखंड बघा, कोरं आहे. प्लेटिंग झाल्यावर फुटलंय हे. तिकडं बोल्ट आवळताना जोर जास्त झाला असणार."

दिग्विजयने भिंग डोळ्याला लावलं. दिव्यानेही बघितलं. "खरंच की काका, आत पांढरं चमकतंय!"

"बरोबर आहे तुमचं," दिग्विजय म्हणाले, "पण मी कस्टमरच्या चेन्नईतल्या माणसाला भिंग कुठून देऊ? त्याला रिपोर्टात फोटो लागतो. शनिवारपर्यंत रिपोर्ट गेला नाही, किंवा फोटोत हे दिसलं नाही, तर चूक आपली धरणार. मग नियमाप्रमाणे तुमचा शिक्का काढून घ्यावा लागेल मला, भाऊ. तुम्हाला पॅकिंगला बसवावं लागेल."

निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. पॅकिंगमध्ये काही वाईट नव्हतं. पण एकोणीस वर्षांनंतर 'गपाटांनी फुटका माल पास केला' असं कागदावर राहणार होतं, आणि ते खोटं होतं.

फोटो काढायचा कशाने, हा खरा पेच. कंपनीत फोन चालत नसे. अजून बाजारात न आलेल्या गाडीचे भाग तिथे बनत, म्हणून गेटवर सगळ्यांचे फोन लॉकरमध्ये जायचे. साहेब लोकांचे आत यायचे, पण कॅमेऱ्यावर लाल स्टिकर लावून, आणि तो स्टिकर जाताना गेटवर शाबूत दाखवावा लागायचा. परत आलेला नग बाहेर न्यायलाही बंदी. परवानगी काढून बाहेरच्या लॅबला दिला, तर ती आठ दिवस घ्यायची. उरला तो कपाटातला झेंड्याचा कॅमेरा. नवनाथभाऊंनी त्याच्याने वीस-पंचवीस फोटो काढून बघितले. तो सगळं आपल्या मनाने करायचा. चकचकीत लोखंड दिसलं की फ्लॅश मारायचा. फ्लॅश बंद केला तर नग सोडून टेबलाच्या लाकडावर नेम धरायचा. फोटोत पांढरा भपका, आणि त्यात पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ. आत कोरं आहे की पिवळं, काही म्हणता काही कळत नव्हतं.

"साहेब, हाताने सगळं लावता येईल असा छोटा कॅमेरा पाहिजे," ते म्हणाले. "भोक बारीक करायचं, झडप जास्त वेळ उघडी ठेवायची, नेम आपण धरायचा. मोठा नको. छोटा नगाच्या दोन बोटांवर नेता येतो, मोठ्याला तितकं जवळचं दिसत न्हाई."

दिग्विजयने लगेच मागणीचा कागद भरला. दुपारी परचेसच्या वर्षाली मॅडमचा निरोप आला. तीन दुकानांची कोटेशन लागतील, जुनी वस्तू चालणार नाही, आणि कॅमेऱ्यात वायफाय असेल तर आयटीवाले तो आत येऊ देणार नाहीत.

"मग असा कोणता येतो ते तुम्हीच बघा, भाऊ," दिग्विजय म्हणाले. "गुरुवारी सुट्टी आहे. दुकानं फिरा. यातलं मला काही कळत नाही."

गुरुवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून नवनाथभाऊ निघाले. पिंपरीतल्या पहिल्या दुकानात कॅमेऱ्याच्या काचेच्या कपाटात फोनची कव्हरं टांगलेली होती. दुसऱ्यात लग्नवाल्यांचे मोठे कॅमेरे. छोटा म्हटल्यावर तिथल्या मुलीने लहान पोरांचा, फुगवल्यासारखा गुलाबी कॅमेरा पुढे केला. "नातवासाठी का, आजोबा?" त्यांना 'नाही' म्हणायचीही लाज वाटली. "बघतो," म्हणून ते बाहेर पडले.

चिंचवडला रविराज नावाच्या माणसाचं जुनं दुकान होतं. तो पन्नाशीचा, बडबड्या. नवनाथभाऊंनी चाचरत आपली गरज सांगितली तसा तो खो खो हसला.

"काका, तुम्ही दहा वर्षं उशिरा आलात राव! छोटा, वर मॅन्युअल, वर वायफाय नको! लग्नाला मुलगी बघताय का कॅमेरा?"

"कंपनीचा नियम आहे," ते म्हणाले.

"नियम करणाऱ्याला पाठवा ना इकडं." तरीही त्याने दोन नवी खोकी काढली. "हा बघा. झूम एवढा लांब की समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईचं लोणचं कसलंय ते सांगेल. वायफाय नाही. पण सगळं ऑटो. चकतीवर एम, म्हणजे मॅन्युअल, नाहीच. आणि हा दुसरा. एम आहे, भिंगाभोवती फिरवायची कडी आहे, एक नंबर माल. पण ह्यात वायफाय, ब्लूटूथ सगळं ठासून भरलंय. एम पाहिजे तर वायफाय येणार, वायफाय नको तर एम जाणार. मी काय करू सांगा."

नवनाथभाऊंनी दोन्ही कॅमेरे आलटून पालटून हातात घेतले. बाहेर उन्हात रिक्षावाले भांडत होते. नवनाथभाऊंना वाटलं, हे साहेबांना सांगून मोकळं व्हावं. पण ते उठेनात, आणि गिऱ्हाईक उठत नाही म्हटल्यावर रविराज आत गेला. थोड्या वेळाने एक काळा, हातात मावेल असा कॅमेरा घेऊन आला. कोपऱ्यांवरचा रंग उडालेला.

"हा एका डॉक्टरांचा. दातांचे फोटो काढायचे ते. बारा वर्षांचा असेल, पण चालू आहे. वायफाय नाही आणि एम आहे. मात्र बिल मागू नका, गॅरंटी मागू नका."

नवनाथभाऊंनी कॅमेरा चालू केला. दोन पापण्यांसारख्या बारीक पत्र्या बाजूला सरकल्या आणि भिंग हळूच पुढे आलं. त्यांनी चकती एमवर आणली. खिशातली घराची किल्ली काउंटरवर ठेवली, कॅमेऱ्याला बिलबुकाचा टेकू दिला, भोक बारीक केलं, झडपेचा वेळ वाढवला, कडी फिरवत नेम किल्लीच्या दातावर आणला. इतक्या वर्षांनी बोटं न विचारता चालत होती. फोटो निघाला. पडद्यावर मोठा करून बघितला तर किल्लीचं पितळ कुठे घासून उघडं पडलंय आणि वरचा मुलामा कुठे शाबूत आहे, ते वेगवेगळं दिसत होतं.

रविराजने वाकून बघितलं. "आयला, काका! तुम्ही तर खेळाडू निघालात."

जुनी वस्तू कंपनी घेणार नव्हती, म्हणून त्यांनी ती स्वतःच घेतली. तिथूनच दिग्विजयला फोन केला. साहेब म्हणाले, "चालेल. डेमो पीस म्हणून एका दिवसाचा गेट पास बनवतो. उद्या सकाळी मी स्वतः गेटवर येतो, तुम्ही काळजी करू नका."

घरी आल्यावर त्यांनी दुपारभर सराव केला. कधी वाटी, कधी नळाची तोटी, कधी कडीकोयंडा. त्यांची बायको विमलबाई कणीक मळता मळता बघत होती.

"अहो, काय लावलंय? वाटीचा फोटो कशाला? वाटी काय पळून चालली का?"

"हे कंपनीचं काम आहे."

"कंपनीचं, अन् पैसे आपले! एवढ्या वर्षांत माझा एक फोटो धड काढला न्हाई, अन् वाटीला बसवलंय नटवून."

"तू बस की. काढतो."

"उगं काहीतरीच. तोंडाला पीठ लागलंय माझ्या." असं म्हणून तिने पदराने तोंड पुसलं, आणि तेवढ्यात ह्यांनी फोटो काढला. फोटोत भुवईवरचं पीठ कणाकणानं दिसत होतं. विमलबाई खूप हसली. नवनाथभाऊही हसले. सोमवारपासून ते पहिल्यांदा पोटभर जेवले.

शुक्रवारी सकाळी कंपनीच्या बसमधून उतरून ते गेटवर आले, तेव्हा दिग्विजय तिथे नव्हते. प्लांटमध्ये तातडीची मीटिंग लागली होती. गेट पास मात्र आलेला होता. गेटवर धोंडीबा होता. हा महाळुंग्याचाच. जिथे आज प्रेसच्या मशिनी धडधडतात, तिथे त्याच्या घरचं हरभऱ्याचं रान होतं, असं तो नव्या माणसाला हमखास सांगायचा. दोघांची चांगली ओळख. नवनाथभाऊ त्याला मामा म्हणत.

धोंडीबाने पास दोनदा वाचला. "कॅमेरा व्हय? इक्ता बारका? बरं झालं, कागद हाय. पर स्टिकर लावावा लागंल."

"मामा, हा फोटोसाठीच आणलाय. आत गेल्यावर..."

"आत गेल्यावर सायबाम्होरं काढा की. कोन न्हाई म्हनतंय? गेटातनं जाताना भिंगाव स्टिकर पायजे. नवा सुपरवायजर आलाय, त्यो बगा खुर्चीत बसलाय, आमच्याकडंच डोळं लावून."

नवनाथभाऊंना सांगायचं होतं की फोनचं भिंग काचेखाली असतं, त्यावर काही चिकटवलं तरी चालतं. ह्याच्या तोंडावर मात्र हलणाऱ्या पत्र्या आहेत, त्यांना गोंद लागता कामा नये. वाटल्यास कॅमेरा पाकिटात घालून पाकिटाला सील करा. वाक्य मनात तयार होतं. पण मागे पन्नास माणसांची रांग, हजेरीची वेळ, कोणीतरी ओरडलं, "ओ चौदा नंबर, चला की, लेट मार्क लागंल!" खुर्चीतला सुपरवायजर उठून उभा राहिला. नवनाथभाऊंच्या तोंडून एवढंच निघालं, "मामा, जरा हळू लावा."

"तुमची वस्तू म्हनल्याव हळूच लावनार." धोंडीबाने एक स्टिकर उभा लावला, वर दुसरा आडवा, आणि अंगठ्याने चांगला दाबून बसवला. "दोन लावलं. उद्या कुनी म्हनाया नगो, धोंडीबानं वळखीच्या मानसाला ढिलं सोडलं. जावा आता."

क्वालिटीच्या खोलीत दिग्विजय घाईघाईने आले. त्यांच्यासमोर नवनाथभाऊंनी नखाने स्टिकर सोडवायला घेतले. हे स्टिकर मुद्दामच असे केलेले असतात की काढले की तुकडे होतात. कोणी गुपचूप काढून परत लावू नये म्हणून. वरचा लाल कागद भुग्यासारखा निघाला आणि खाली गोंदाचा चिकट थर राहिला. दोन्ही पत्र्यांवर, त्यांच्या मधल्या फटीत, भिंगाच्या कडेने सगळीकडे.

"साडेदहाला पुन्हा मीटिंग आहे, भाऊ," दिग्विजय घड्याळ बघत म्हणाले. "तोवर होईल ना?"

"होईल."

खोलीच्या कोपऱ्यात थिनरचा डबा होता. त्या कारखान्यात कुठल्याही नगावर चिठ्ठीचा गोंद राहिला की कॉटन वेस्टचा बोळा थिनरमध्ये बुडवायचा आणि एक हात मारायचा, नग लख्ख. दिवसातून पन्नास वेळा करायचं काम. नवनाथभाऊंनी बोळा बुडवला आणि हात मारला.

दिव्या म्हणाली, "काका, ते प्लास्टिक..."

तोवर झालं होतं. गोंद विरघळला खरा, पण पातळ होऊन फटीतून आत उतरला. भिंगाभोवतीची काळी कडी हाताला चिकट लागायला लागली. त्यांनी फुंकर मारली, सदऱ्याच्या टोकाने पुसलं, थोडं थांबले आणि बटण दाबलं. कॅमेरा घरघरला. भिंग निम्मं बाहेर आलं आणि तिरपं होऊन अडकलं. एक पत्री सरकली, दुसरी जागची हलली नाही. पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी उमटल्या आणि तो काळा झाला. परत बटण दाबलं, परत तेच. चौथ्यांदा नुसती घरघर आली. त्यानंतर तीही आली नाही.

दिग्विजयच्या टेबलावरच्या फोनवरून रविराजला विचारलं.

"थिनर?" पलीकडून आवाज आला, तो सगळ्या खोलीला ऐकू गेला. "काका, थिनर लावलं? कॅमेऱ्याला? अहो, काय केलंत हे! आता त्याचे पार्ट येत नाहीत. ठेवून जा दुकानात, बघतो. पण आठ-पंधरा दिवस तर विसराच."

नवनाथभाऊंनी फोन ठेवला. कोणावर रागवावं, हे त्यांना कळेना. धोंडीबाने आपुलकीनेच दोन लावले होते. साहेब यायचे ते मीटिंगने अडले. बोळा तर त्यांच्याच हातात होता. आणि ते चार नग समोर ताटलीत पडून होते. भिंग लावलं की आतलं कोरं लोखंड आजही चमकत होतं.

त्यांनी झेंड्याच्या कॅमेऱ्याने पुन्हा खटपट करून बघितली. भिंगावर भिंग धरलं, नगाला कागदाची सावली केली, दिव्याने टॉर्च तिरपा धरला. चाळीस फोटोंतल्या एकात कणभर काहीतरी दिसल्यासारखं वाटलं. ते दाखवायला गेले तेव्हा दिग्विजयने फोटो पडद्यावर मोठा करून बघितला.

"मला दिसतंय," ते म्हणाले, "कारण मी नग बघितलाय. ज्याने बघितला नाही, त्याला ह्यात धूळ दिसेल."

"नुसतं लिहून दिलं तर? मी सही करतो, साहेब. एकोणीस वर्षांत..."

"भाऊ, माहितीये मला. मी परवाच त्यांच्याशी अर्धा तास बोललो. ते म्हणतात, पुरावा पाठवा नाहीतर मान्य करा. पुरावा नसताना भांडलो तर पुढची ऑर्डर थांबवतील, आणि मग मालक मला विचारतील." त्यांनी कागद पुढे सरकवला. मान मात्र वर केली नाही. "इथे सही लागेल तुमची."

कागदावर तीन रकाने होते. पहिल्यात, 'कारण: तपासणीत तडा निदर्शनास आला नाही.' दुसऱ्यात, 'उपाय: संबंधित कर्मचाऱ्याचे पुन्हा प्रशिक्षण.' तिसऱ्यात संबंधित कर्मचाऱ्याची सही. नवनाथभाऊंनी तो कागद दोनदा वाचला. त्यातला एक शब्द तरी बदलून मागावा असं त्यांना वाटलं. पण कोणता, ते सुचेना. त्यांनी सही केली, आणि कोणी न मागता शिक्का काढून टेबलावर ठेवला.

संध्याकाळी गेटवर धोंडीबाने विचारलं, "झालं का काम फोटूचं?"

"झालं, मामा."

"मी म्हनलंच हुतं, कागद आसला की काय आडत न्हाई."

घरी ते कॅमेरा कपाटात वरच्या फळीवर ठेवत असताना विमलबाईने बघितलं, तेवढंच.

सोमवारी कँटीनच्या मागच्या खोलीत प्रशिक्षण झालं. नवनाथभाऊंसोबत पाच-सहा नवी माणसं होती. शिकवायला दिव्याला नेमलं होतं, कारण कागदाप्रमाणे आता त्या टेबलावर तीच जुनी. ती आत आली, त्यांना बघितलं आणि दारातच थांबली.

"काका, मी नाही शिकवत. तुम्हीच सांगा ना सगळ्यांना."

"न्हाई, दिव्या. हजेरीत मी शिकणाऱ्यांत आहे. तू सांग."

"मला कसंतरी वाटतंय."

"वाटू दे. नग तिरपा धरायला सांग आधी. ते विसरतात."

तिने सांगितलं. मधेमधे ती नवनाथभाऊंकडे बघून खात्री करून घेत होती. शेवटी प्रत्येकाच्या हातात एकेक नग आणि परीक्षेचा कागद दिला. नवनाथभाऊंच्या वाट्याला परत आलेल्या चारांपैकीच एक आला होता. नगाचा नंबर बघताच दिव्याच्या ते लक्षात आलं. बदलून द्यायला तिने हात पुढे केला, पण त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

खिडकीकडे वळून त्यांनी नग तिरपा धरला. तडा होता. आत कोरं होतं. प्लेटिंगनंतर फुटलेला नग. कागदावर नगापुढे दोनच चौकटी होत्या, एक पासची आणि एक नापासची. त्यांनी उलटून मागची बाजू बघितली. तिथे फक्त नाव, तारीख आणि सहीची जागा होती.

शेजारच्या नव्या माणसाने हळूच विचारलं, "काका, ह्याचं काय लिहू? मला काहीच दिसेना."

"उजेडाकडे धर. अजून थोडा तिरपा. हां, दिसला?"

"दिसला!"

"मग नापास लिही," नवनाथभाऊ म्हणाले, आणि आपल्या कागदावरही त्याच चौकटीत त्यांनी खूण केली.